एका संकोचाचा इतिहास



आजच्या भाषणाचा विषय असा आहे कीं, त्याचें नांव घेतांना बोलणारा आणि ऐकणारा दोघेही किंचित् अवघडतात. कांहीं पुरुषांची छाती, विशेषतः वयांत येण्याच्या सुमारास, स्त्रीच्या छातीसारखी वाढते. या विकारास पुरुषांची स्तनवृद्धि म्हणतात. तो सहसा जिवावर बेतत नाहीं. पुष्कळ वेळां दुखतही नाहीं. तरीही त्यावरील शस्त्रक्रियेचें लेखी वर्णन सुमारें तेराशें वर्षांपूर्वींचें सांपडतें. भूल देण्याचीं आजचीं औषधें ज्या काळीं नव्हतीं, जखम पिकण्याचें भय ज्या काळीं पदोपदीं असे, त्या काळीं शस्त्रवैद्यांनीं या विकारासाठीं सुरी हातीं घ्यावी, असें काय कारण असेल? त्या कारणाचा माग काढणें हाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोमन साम्राज्यांत गेलन नांवाचा थोर ग्रीक वैद्य होऊन गेला. ‘स्त्री’ आणि ‘स्तन’ या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून झालेलें ‘गायनेकोमास्टिया’ हें नांव त्याच्यापासून चालत आलें असून आजचे डॉक्टरही तेंच वापरतात. वास्तविक रोगाचें नांव रोगाचें वर्णन करणारें असावें. हें नांव मात्र एक पाऊल पुढें जातें. हा पुरुष स्त्रीसारखा दिसतो, असें तें चारचौघांत सांगतें. रोग्याच्या मनाला जें टोंचतें, तें त्या नांवांतच आहे.

शस्त्रक्रियेचें पहिलें सविस्तर वर्णन सातव्या शतकांतील पॉल नांवाच्या वैद्याचें. तो ग्रीस देशांतील एजिना बेटाचा; पण त्याचें वास्तव्य ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरीं होतें आणि अरबांनीं तें शहर जिंकलें, त्या सुमारासही तो तेथेंच होता. त्यानें वैद्यकाचें सार सात भागांत लिहिलें; त्यांतील सहावा भाग शस्त्रक्रियेचा. हा सबंध ग्रंथ फ्रान्सिस अॅडम्स या स्कॉटिश डॉक्टरानें १८४४ ते १८४७ या वर्षांत इंग्रजींत आणला.

पॉल प्रारंभींच एक मोलाची गोष्ट सांगतो. वयांत येतांना मुलांची आणि मुलींची, दोघांचीही छाती थोडी फुगते. मुलांमध्यें ती सूज बहुधा आपोआप उतरते. थोड्यांच्या बाबतींत मात्र ती न उतरतां आंत चरबी सांठून वाढत जाते. पुढें शस्त्रक्रियेचें कारण तो स्पष्ट शब्दांत देतो : या व्यंगामुळें पुरुषावर बायकीपणाचा ठपका येतो, म्हणून तें काढून टाकावें. वेदना थांबावी म्हणून नव्हे, प्राण वांचावे म्हणून नव्हे. लोक हंसतात म्हणून. असें कारण इतक्या उघडपणें सांगणारीं प्रकरणें जुन्या शस्त्रवैद्यकांत थोडींच असतील.

त्याची कृतिही साधी आहे. छातीच्या उंचवट्याखालीं चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घ्यावा, कातडी सोडवून आंतील चरबी काढावी आणि टांके घालावे. छाती फार मोठी होऊन खालीं लोंबत असेल, तर एका चंद्रकोरीनें भागत नाहीं. तेव्हां टोंकाशीं एकमेकींस मिळणाऱ्या दोन चंद्रकोरी कापाव्या, मधली जादा कातडी काढून टाकावी व मग शिवावें. पहिल्या खेपेस कमी कापलें गेलें, तर उरलेलें पुन्हां काढावें, असेंही तो प्रामाणिकपणें सांगतो.

ही विद्या पुढें अरबी भाषेंत गेली. स्पेनमधील कॉर्डोव्हा शहराजवळ अल्‌-झहरावी हा मोठा शस्त्रवैद्य होऊन गेला. त्याचा मृत्यु १०१३ च्या सुमारास झाला. त्याच्या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेला वाहिलेला असून त्यांत सुमारें दोनशें हत्यारांच्या आकृति आहेत. त्यांतही हें प्रकरण आहे, तोच चंद्रकोरीसारखा छेद आहे आणि ज्याला ही कुरूपता नकोशी वाटेल त्याच्यासाठीं हा उपाय, असें कारणही आहे. बाराव्या शतकांत जेरार्ड या पंडितानें टोलेडो येथें हा भाग लॅटिनमध्यें उतरविला. पुढें तुर्कस्तानांतील अमास्या गांवच्या शेरफेद्दीन साबुंजूओग्लू यानें १४६५ मध्यें आपला सचित्र शस्त्रक्रियाग्रंथ तुर्की भाषेंत लिहिला. त्यानेंही अल्‌-झहरावीचाच मार्ग धरला. म्हणजे भाषा बदलल्या, राज्यें बदललीं. पण छेदाची चंद्रकोर आठशें वर्षें तीच राहिली आणि छेदामागची लाजही तीच राहिली.

केवळ लाजेसाठीं शस्त्र चालवावें काय, असें कोणी विचारील. त्याला उत्तर आपल्या पुण्यानेंच दिलें आहे. टिपूच्या लोकांनीं नाक कापलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानाला एका देशी शस्त्रकारानें कपाळाची कातडी वळवून पुण्यास नवें नाक बसवून दिलें. ती हकीकत १७९४ मध्यें लंडनच्या एका मासिकांत छापली गेली आणि युरोपांतील शस्त्रवैद्य चकित झाले. नाक गेलें म्हणून तो गाडीवान मरणार नव्हता. तरीही त्याला नवें नाक देणें अयोग्य झालें, असें आपल्यापैकीं कोणीच म्हणणार नाहीं. चारचौघांत मान वर करून वावरतां यावें, ही गरज लहान नव्हे.

एकोणिसाव्या शतकानें शस्त्रक्रियेचा कायापालट केला. १८४६ मध्यें बोस्टन येथें ईथरची भूल जाहीरपणें दिली गेली. १८६७ मध्यें लिस्टरनें कार्बोलिक अॅसिडानें जखमा निर्जंतुक राखण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली. वेदना आणि पू हे दोन वैरी हटले. मग शस्त्रवैद्यांना तिसऱ्या वैऱ्याकडे पाहण्यास सवड मिळाली. तो म्हणजे मागें राहणारा व्रण. छातीखालचा लांब वळ सदरा काढतांच दिसतो; म्हणजे एक लाज जाऊन तिच्या जागीं दुसरी येते. पॅरिसच्या द्यूफूरमांतेल यानें १९२८ मध्यें स्तनाग्राभोंवतालच्या काळसर वर्तुळाच्या कडेनें छेद घेण्याची रीत सांगितली. अमेरिकेंतील जेरोम वेबस्टर यानें १९४६ मध्यें त्याच वर्तुळांत बसणाऱ्या अर्धगोल छेदाचें सविस्तर वर्णन केलें आणि ती पद्धति सर्वत्र रूढ झाली. तेथें कातडीचा रंगच बदलत असल्यामुळें व्रण लपून जातो. १९८० नंतर बारीक नळीनें चरबी शोषून घेण्याची रीत आली. तिला अगदीं लहान भोंक पुरतें. मात्र स्तनाग्राखालची घट्ट ग्रंथि नळीनें पुरती निघत नाहीं. ती पुष्कळदां छेद घेऊनच काढावी लागते.

येथें एक मौज पाहा. १९७३ मध्यें सायमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं या विकाराच्या पायऱ्या ठरविल्या. त्या ठरवितांना त्यांनीं वाढ किती आणि जादा कातडी आहे कीं नाहीं, या दोन गोष्टी पाहिल्या. पॉलची एक चंद्रकोर आणि दोन चंद्रकोरी यांतील भेद दुसरा कोणता होता?

शस्त्र सुधारलें, तसें कारणांचें ज्ञानही वाढलें. पॉलला केवळ चरबी दिसली. आज आपणांस ठाऊक आहे कीं, पुरुषाच्या शरीरांतही स्त्रीत्वाचे अंतःस्राव थोडे असतात आणि पुरुषी स्रावांशीं त्यांचें प्रमाण बिघडलें म्हणजे ही ग्रंथि वाढते. १९४२ मध्यें क्लाइनफेल्टर व त्याचे सहकारी यांनीं नऊ पुरुषांचा अभ्यास करून असा एक जन्मजात विकार वर्णिला. त्याच्या मुळाशीं एक जादा रंगसूत्र असतें, हें १९५९ मध्यें कळलें. दुसऱ्या महायुद्धांत जपानी छावण्यांत उपाशी राहिलेल्या कैद्यांना सुटकेनंतर पुरेसें अन्न मिळूं लागलें, तेव्हां त्यांतील कित्येकांची छाती फुगल्याचें डॉक्टरांनीं नोंदविलें. दारूनें खराब झालेलें यकृत, कांहीं औषधें, पिळदार शरीरासाठीं चोरून घेतलेलीं द्रव्यें, हींही कारणें आहेत. म्हणून आजचा जाणता डॉक्टर सुरीपूर्वीं कारण विचारतो. प्रौढ वयांत एकाच बाजूस कठीण गांठ लागली, तर मात्र विलंब न करतां तपासून घ्यावें; कारण स्तनाचा कर्करोग क्वचित् पुरुषांसही होतो.

आतां माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. मी शिक्षक असतांना तेराचौदा वर्षांचा एक मुलगा व्यायामाच्या तासाला नेहमीं गैरहजर राही. कुस्तीसाठीं सदरा काढावयाचा असे, त्या दिवशीं तर हटकून त्याचें पोट दुखे. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत ‘आळशी’ असा शेरा मारला. पुढें पुष्कळ वर्षांनीं तो भेटला, तेव्हां त्यानें हंसत हंसत खरें कारण सांगितलें. त्याची सूज दोन वर्षांत आपोआप उतरली होती. माझा शेरा मात्र त्याच्या मनांतून उतरला नव्हता.

त्या दिवशीं मला पॉलचें तें पहिलें वाक्य ठाऊक असतें तर! वयांत येणाऱ्या निदान निम्म्या मुलांना ही सूज कमीअधिक प्रमाणांत येते आणि बहुतेकांची एकदोन वर्षांत जाते, असें आजचें वैद्यकही सांगतें. इतकी सामान्य गोष्ट. पण ती मुलाला बाप सांगत नाहीं, मास्तर सांगत नाहीं आणि वर्गांतील सोबती मात्र हंसून सांगतात. ज्यांची वाढ राहून जाते आणि ज्यांना ती खुपते, त्यांनीं शस्त्रक्रिया अवश्य करून घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं. शस्त्रवैद्यांनीं तेराशें वर्षें खपून व्रण लहान लहान करीत आणला. पण हंसण्यानें होणारा व्रण लहान करणें त्यांच्या हातीं नाहीं. तें काम घराचें आणि शाळेचें आहे. आपल्या घरांतला एखादा मुलगा उकाड्यांतही सदरा काढीत नसेल, तर त्याला रागावण्यापूर्वीं जवळ बसवून ही एवढी गोष्ट सांगा, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.