शहाबादी फरशीची साक्ष

सोलापुरातल्या जुन्या घरांत पायाखाली असते ती शहाबादी फरशी सोलापूरची नव्हे, हे श्रोतेहो, आपण जाणताच. आपला दगड काळा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. फरशी येते ती शहाबाद-वाडीकडून. १८६० साली मुंबईहून सोलापूरला पोचलेली रेल्वे १८७१ मध्ये रायचूरपर्यंत गेली. शहाबाद त्याच वाटेवरचं. एरवी बैलगाडीवर एवढा जड माल किती आला असता?

१८७६ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या रॉबर्ट ब्रूस फूट यांचा दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा ग्रंथ निघाला. पल्लावरमला १८६३ मध्ये अश्मयुगीन हत्यार सापडलं ते यांनाच. त्या ग्रंथात या चुनखडकाचं वर्णन आहे. त्याच्या थरांना भूशास्त्रात नाव आहे आपल्या भीमेचं!

हा दगड म्हणजे उथळ समुद्रातला चुन्याचा गाळ. दगड व्हायला तो खोल गाडला जाऊन तापावा लागतो, असं आपल्याला वाटतं. पण निम्मं काम समुद्रतळाशीच उरकतं. समुद्राच्या पाण्यातला चुना पुष्कळदा अ‍ॅरागोनाइट या खनिजाच्या बारीक सुया होऊन साचतो. हे खनिज टिकाऊ नाही. गाळात मुरलेल्या पाण्यात सुया विरघळतात आणि त्याच चुन्याचं कॅल्साइट कणांमधल्या फटी भरतं. भिंतीचा चुना हवेने आवळतो. इथे काम पाण्याचं. कोकण किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू-शिंपले असेच चिकटून दगड झालेले दिसतात. अ‍ॅरागोनाइट जातं आणि कॅल्साइट राहतं, हे शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी दगडाचे पारदर्शक काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १८७९ मध्ये मांडलं.

आता पंचाईत अशी, की शहाबादीत शंख-शिंपले नाहीत. कवचधारी प्राणी तेव्हा जन्मलेच नव्हते. मग वय ठरवायचं रसायनावरून, आणि रसायन तर सुरुवातीलाच पालटलेलं! साक्षीदाराने घटनेनंतर लगेच जबानी बदलावी, तसं हे. भीमा थरांच्या वयाबद्दल अभ्यासकांत अजून कित्येक कोटी वर्षांचा मतभेद आहे तो उगाच नाही.

याच पालटात कुठे मॅग्नेशियम शिरतं आणि डोलोमाइट बनतं. सिमेंटवाल्यांना ते नको असतं. सिमेंटात मॅग्नेशिया सहा टक्क्यांवर गेलेला चालत नाही, बांधकाम पुढे फुगून तडकतं. फरशीला मात्र त्याचं वावडं नाही. फरक घरीही कळतो. कोपऱ्यातल्या फरशीवर लिंबाचा थेंब टाका. कॅल्साइट असेल तर बारीक फेस येईल, डोलोमाइट जवळजवळ गप्प बसेल. थेंब लगेच पुसा, डाग पडतो.