बाबासाहेबांचा अभ्यास आणि आपली मुले

स्मरणिकेत शिक्षणावर लिहायचे म्हटले की बाबासाहेबांच्या पदव्या मोजायच्या, हा आपला रिवाज. त्या पदव्यांच्या आधी घरात अभ्यास कसा झाला, तिकडे आपले लक्ष जात नाही. आम्ही गिरणी कामगार. वस्तीतले आईबाप आम्हाला विचारतात, "आम्हालाच काही येत नाही, पोराला काय शिकवणार?" या प्रश्नाचे उत्तर परळच्या डबक चाळीत आहे.

सुभेदार रामजीबाबा सातारा सोडून मुंबईला आले आणि या चाळीत राहिले. खोली एकच. तिच्यातच चूल, जाते, सरपण आणि शेळी. अशा खोलीत अभ्यास व्हायचा कसा? रामजीबाबा मुलाला लवकर निजवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता त्याला उठवीत. पुढे पहाटेपर्यंत दिव्याशी बसायचे काम भीमरावांचे. पेन्शन तुटपुंजे, तरी पुस्तक हवे असले की ते लेकीकडे जात. लेकीचा दागिना गहाण पडे आणि पेन्शन आले की सोडवला जाई.

बापाने जागा दिली, वेळ दिला, पुस्तक दिले. वाचले मात्र मुलानेच, बरं का!

दुसरे केळुसकर गुरुजी. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांना दिसला. त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा गुरुजींनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

इथे नीट पाहा. पैसा उभा करणे मुलाच्या हातात नव्हते, तिथे मोठी माणसे उभी राहिली. विचार करणे मुलाच्या हातात होते, ते त्यालाच करू दिले. १९०७ चे ते पुस्तक आणि १९५६ ची नागपूरची दीक्षा यांच्यात ४९ वर्षे आहेत. एवढी वर्षे बाबासाहेबांनी वाचले, धर्माधर्मांची तुलना केली, पारखून घेतले. शाळेत अस्पृश्य म्हणून संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. तरी पुढे संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या मेहनतीने केलाच.

आज आपल्याकडे क्लास आहे, गाईड आहे. शाळेचा प्रकल्प आई रात्री जागून चिकटवते आणि पोरगं झोपलेलं असतं! मार्क मिळतात, पण ते आईचे. गिरणीत नव्या बदलीवाल्याचा तुटलेला धागा जुना कामगारच जोडत बसला, तर त्या पोराचा हात कधी बसणारच नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, शिकलो नाही म्हणून खाली बघू नका. संध्याकाळी दोन तास टीव्ही बंद ठेवा. मोबाईल बाजूला ठेवा. पुस्तकाला पैसे काढा. मूल अडले तर लगेच उत्तर सांगू नका, "तुला काय वाटतं?" असे विचारा आणि शेजारी बसून राहा. एवढे निरक्षर आईलाही जमते.

तथागतांनीही स्वतःचा दीप स्वतःच व्हायला सांगितले आहे. लेकराच्या दिव्यात तेल आपण घालू, वात त्याला पेटवू द्या.

जयभीम!