तीन इस्पिकनंतर किती?

गेल्या रविवारी एक मॅच हरलो. क्रिकेटची नाही, ब्रिजची. सोमवारी ऑफिसात कॉफी घेताना सांगितलं तर शेजारच्या क्युबिकलवाला म्हणाला, "म्हणजे पत्ते ना? त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?" हा लेख त्याच्यासाठी, आणि थोडा माझ्या मनःशांतीसाठी.

आधी प्रसंग सांगतो. आमच्याकडची एक छोटी टीम स्पर्धा, उपांत्य फेरी. माझे भिडू म्हणजे काका. सख्खे वगैरे नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, क्लबात सगळेच त्यांना काका म्हणतात. ते चाळीस वर्षं खेळतायत. मी हॉस्टेलवर शिकलो, म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करायची सोडून शिकलो. काकांना या स्पर्धेची फायनल कधीच खेळायला मिळालेली नव्हती. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, दुसऱ्या कुणाकडून कळलं होतं.

ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी. मेंढीकोटात बोली नसते, तीनशेचारमध्ये असते. ब्रिजमध्ये तर अर्धा खेळ बोलीचाच. एकूण १३ हात. बोलीच्या आकड्यात ६ मिळवायचे, म्हणजे 'तीन इस्पिक' ही ९ हात करण्याची हमी, इस्पिक हुकूम ठेवून. टीम मॅचमध्ये तीच पानं दोन टेबलांवर खेळली जातात आणि गुणांतला फरक इम्प नावाच्या छोट्या आकड्यात बदलतात. त्यामुळे "पानंच वाईट आली" ही सबब चालत नाही. तुमचीच पानं दुसऱ्या टेबलावर कुणीतरी घेऊन बसलेला असतो.

माझी पानं अशी: इस्पिक पंजी. बदाम एक्का, राणी, गुलाम, अठ्ठी, चौकी. चौकट राजा, राणी, छक्की. किलवर राजा, राणी, सत्ती, तिर्री. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ असे मोजले तर १७ गुण. एकदम झकास पानं. मी मनातल्या मनात बोलीची सुरुवात ठरवत होतो, तेवढ्यात उजवीकडचा माझ्या आधी बोलला: तीन इस्पिक.

यालाच प्रीएम्प्ट म्हणतात. बोलणाऱ्याकडे साधारण सात पानांची लांब जात असते आणि बाकी फारसं काही नसतं. त्याचा विचार सरळ आहे: माझ्याकडे काही नाही म्हणजे समोरच्यांकडे असणार, तेव्हा त्यांना एकमेकांशी बोलायला जागाच ठेवायची नाही. ब्रिजमध्ये एक किलवरपासून सात नो ट्रम्पपर्यंत फक्त ३५ बोली आहेत आणि प्रत्येक बोली आधीच्यापेक्षा वरची हवी. तीन इस्पिक ही चौदावी. म्हणजे एका फटक्यात पहिल्या १४ बोली गायब. आपल्या भाषेत सांगायचं तर डिनायल ऑफ सर्व्हिस अटॅक :)

मी चार बदाम बोललो. डावीकडचा बोलला चार इस्पिक. काका दहाएक सेकंद थांबले आणि बोलले पाच बदाम. उजवीकडचा पास. आता माझी पाळी. आम्ही व्हल्नरेबल, ते नाहीत. मी विचार केला, काका आपणहून पाचवर गेले, म्हणजे त्यांच्याकडे काहीतरी आहे, आणि माझ्याकडे तर १७ आहेत. सहा बदाम!

त्या डावाचं काय झालं ते शेवटी सांगतो. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून शोधत बसलो की या प्रश्नाला लोकांनी आजवर काय काय उत्तरं दिली आहेत. जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास निघाला.

आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज १९२५चा. त्याआधी ऑक्शन ब्रिज होता. त्यात जास्तीचे हात केले तरी ते गेमसाठी धरले जायचे, त्यामुळे वरपर्यंत बोलायची गरजच नसायची. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट, म्हणजे अमेरिकेतल्या रेल्वेवाल्या व्हँडरबिल्ट घराण्यातला, आणि पुढे अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची शर्यत तीनदा जिंकणारा, १९२५च्या शेवटी 'फिनलंड' बोटीनं लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला चालला होता. या प्रवासात त्यानं नवी गुणपद्धत तयार केली: जेवढं बोलाल तेवढंच गेम आणि स्लॅमसाठी धरलं जाईल. गेम झालेल्या बाजूला काय म्हणायचं हे सुचेना, तेव्हा बोटीवरच्याच एका तरुण मुलीनं 'व्हल्नरेबल' हा शब्द सुचवला.

या एका बदलानं बोलीला महत्त्व आलं. नेमकी किती हातांची बोली करायची हे भिडूशी बोलूनच ठरणार असेल, तर त्यांचं बोलणं तोडण्यालाही किंमत आली. प्रोटोकॉल आला की तो जॅम करणारे येतातच.

पण जॅम करणाऱ्यालाही हिशेब हवा. तो दिला एली कल्बर्टसननं. डिसेंबर १९३१ ते जानेवारी १९३२मध्ये न्यूयॉर्कला सिडनी लेन्झविरुद्ध १५० रबरांची मॅच खेळून, पेपरांच्या पहिल्या पानांवर गाजून, ब्रिजला घराघरांत नेणारा तो हाच. त्याचा 'दोन आणि तीनचा नियम' सोपा होता: स्वतःच्या पानांत किती हात नक्की होतात ते मोजा, व्हल्नरेबल असाल तर त्यावर दोन, नसाल तर तीन वाढवून बोला. आजच्या गुणपद्धतीत दोन्ही बाबतींत डबल होऊन पडलात तरी नुकसान ५००. समोरच्यांचा गेम साधारण तेवढाच किंवा जास्त असतो, म्हणजे सौदा परवडला.

हल्ल्याची किंमत ठरली. बचावाचं काय?

इथून मोठा गोंधळ. टेकआउट डबल, म्हणजे 'मला त्यांना पाडायचं नाही, भिडू, तू तुझी जात सांग' असं सांगणारा डबल, १९१०च्या दशकातच निघाला होता. त्याचं श्रेय साधारणपणे न्यूयॉर्कचे मेजर चार्ल्स पॅटन आणि सेंट लुइसचे ब्रायंट मॅककॅम्पबेल या दोघांना स्वतंत्रपणे दिलं जातं. पण तीनच्या पातळीवर हा डबल वापरायला लोक कचरत. समोरचा हलक्या पानांवर तीनपर्यंत चढून बसलाय, त्याला डबल करून पाडायचं सोडून भिडूला बोलायला का लावायचं? म्हणून हॅरी फिशबाइन या अमेरिकन खेळाडूनं सुचवलं की डबल पाडण्यासाठीच ठेवा, आणि लगेच वरची जात म्हणजे 'तू बोल' असं समजा. ब्रिटनमध्ये बरेच जण त्यासाठी तीन नो ट्रम्प वापरत. आणखी कुणी खालच्या मायनर जातीची बोली वापरायचे.

आज बहुतेक सगळे तीनवरही टेकआउट डबलच वापरतात. कारण इंजिनिअरला लगेच पटेल. डबल कुठलीही बोली खात नाही. तीन इस्पिकवर फिशबाइनप्रमाणे चार किलवर बोललात की दोन बोली गेल्या, आणि किलवर स्वतःची जात म्हणून सांगायची सोयही गेली. शिवाय डबलवर भिडू मनात असेल तर पास करून त्यांना पाडू शकतो. आणि आपल्या एकट्याच्या पानांत त्यांना पाडण्याएवढी इस्पिकं येतात तरी किती वेळा? त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा आपली अडचण माझ्यासारखी असते: गुण भरपूर, त्यांच्या जातीचं एखादंच पान, आणि भिडूकडे काय आहे याचा पत्ता नाही.

पुढचं मोठं पाऊल फ्रान्समधून आलं. झाँ-रने व्हेर्न यांनी जागतिक स्पर्धांमधले डाव तपासले आणि १९६६च्या पुस्तकात, मग १९६९मध्ये अमेरिकेच्या 'ब्रिज वर्ल्ड' मासिकात एक नियम मांडला. आमच्या जातीची आमची एकूण पानं अधिक त्यांच्या जातीची त्यांची एकूण पानं ही बेरीज, आणि आम्ही करू ते हात अधिक ते करतील ते हात ही बेरीज, या दोन्ही साधारण सारख्या येतात. एकूण हातांचा नियम. यात गुणांचा उल्लेखच नाही! किती वर जायचं याचं उत्तर पहिल्यांदाच चित्रांच्या पानांऐवजी पानांच्या संख्येत सापडलं. लॅरी कोहेनच्या १९९२च्या पुस्तकानं हा नियम सगळीकडे पोचवला. २००४मध्ये माइक लॉरेन्स आणि अँडर्स विर्ग्रेन यांनी पुस्तकभर त्याच्याशी भांडण मांडलं: खरा परिणाम हुकमांच्या संख्येपेक्षा जाती कशा वाटल्या गेल्यात त्याचा असतो, बेरीज पुष्कळदा एका-दोनानं चुकते. दोन्ही बाजू वाचल्यावर मला वाटलं, नियम म्हणून कच्चा, अंदाज म्हणून उत्तम.

मध्यंतरी नियम करणाऱ्यांनीही हात घातला. व्हल्नरेबल नसताना डबल होऊन चार हातांनी पडलं तर आधी ७०० जायचे. १९८७पासून ८०० जातात, आणि पुढच्या प्रत्येक हाताला २००ऐवजी ३००. मुद्दाम पडायला जाणाऱ्यांना थोडा चाप.

आणि कॉम्प्युटर? मार्च २०२२मध्ये पॅरिसला 'नूक' नावाच्या प्रोग्रॅमनं आठ जगज्जेत्या खेळाडूंना हरवलं अशी बातमी तुम्ही वाचली असेल. पण त्या सामन्यात बोलीचा भाग ठेवलेलाच नव्हता. फक्त पानं खेळायची होती. म्हणजे माझी चूक ज्या जागी झाली, ती जागा त्या परीक्षेत नव्हतीच. (दिल को बहलाने के लिए वगैरे.)

असो. आता त्या डावाकडे.

काकांकडे होतं: इस्पिक अठ्ठी, छक्की. बदाम राजा, दस्सी, सत्ती, तिर्री. चौकट एक्का, नव्वी, अठ्ठी, पंजी, दुर्री. किलवर चौकी, दुर्री. बदामचा राजा आणि चौकटचा एक्का, एकूण ७ गुण. इस्पिकचा एक्का आणि किलवरचा एक्का डावीकडच्याकडे. ते दोन हात जाणारच. ११ हात होतात, बारावा ब्रह्मदेव आला तरी होत नाही. पाच बदामवर थांबलो असतो तर ६५० मिळाले असते. सहा बोलून एका हातानं पडलो, १०० गेले. दुसऱ्या टेबलावर माझी पानं घेऊन बसलेला पाचवर थांबला होता. फरक ७५०चा, म्हणजे १३ इम्प. मॅच आम्ही ९ इम्पनं हरलो. गणित तुम्हीच करा.

काका टेबलावर एक शब्द बोलले नाहीत. नंतर खाली टपरीवर चहा घेताना मी म्हटलं, "काका, सॉरी. पण तुम्ही पाच बोललात म्हणून..." ते हसले आणि म्हणाले, "अरे, माझे सात गुण तू दोनदा मोजलेस."

तेव्हा मला नीट कळलं नाही, रात्री कळलं. पत्त्यांत एकूण ४० गुण. माझ्याकडे १७, उरले २३. प्रीएम्प्टवाल्याकडे साधारण ८ धरा. राहिले १५, दोघांत वाटायचे. म्हणजे भिडूकडे सात-आठ असणार, हे त्याचं तोंड उघडायच्या आधीच गृहीत धरायचं असतं. तेवढे धरले म्हणूनच मी चार बदाम बोलू शकलो. मग काका पाच बोलल्यावर तेच सात गुण नवीन असल्यासारखे मी परत जमा केले. महिन्याच्या एक तारखेला ईएमआय भरायचा आणि त्याच पगारावर पुन्हा गाडी बुक करायची, तसला प्रकार.

काकांचं पाच बदाम हे स्लॅमचं आमंत्रण नव्हतंच. चार इस्पिक मध्ये आलं नसतं तर ते चार बदामवर पास करून मोकळे झाले असते. त्या दहा सेकंदांत त्यांनी व्हेर्नचा हिशेब केला होता: आपली बदामं नऊ, त्यांची इस्पिकं दहा, बेरीज १९. आपले ११ होत असतील तर त्यांचे ८. डबल करून पाडलं तर ३००, आपण खेळलो तर ६५०. आपले १०च होत असतील तर त्यांचे ९. पाडून १०० मिळतात, खेळून १०० जातात. जोखीम २००ची, फायदा ३५०चा. म्हणून पाच. डाव मुद्दाम उघडून मोजला: चार इस्पिकमध्ये त्यांचे बरोबर ८ हात होत होते. १९ म्हणजे १९.

एस. जे. सायमन नावाच्या ब्रिटिश खेळाडूनं १९४५मध्येच सांगून ठेवलंय की स्वप्नातल्या निकालामागे धावू नका, हाती असलेल्या परिस्थितीत जो सगळ्यांत बरा मिळेल तो घ्या. प्रीएम्प्टनंतर तर हे जास्तच खरं. समोरच्यानं तुमच्या १४ बोली आधीच खाल्ल्यात. नेमकं उत्तर काढायला लागणारी माहिती आता मिळणारच नाही. कल्बर्टसनपासून व्हेर्नपर्यंत सगळ्यांनी ती माहिती परत मिळवून दिली नाही. तिच्याशिवाय बरा निर्णय कसा घ्यायचा एवढंच शिकवलं. आणि भिडूनं कोंडीत सापडून घेतलेला निर्णय हा त्याचा शेवटचा शब्द समजायचा, आपल्या हौसेचं निमंत्रण नाही.

काकांना काल फोन केला. म्हटलं, "काका, पुढच्या वर्षी खेळायचं ना परत?" म्हणाले, "खेळू की. पण पाचवर थांबायला शीक."