33 फुटांची साखळी आणि रोव्हरचं टोक

चाकण भागात हल्ली बांधावर हातात काठी आणि काठीच्या टोकाला थाळीसारखं यंत्र घेतलेला मोजणीदार दिसतो. त्या यंत्राला रोव्हर म्हणतात. लोकांचा समज असा झालाय की आता उपग्रहावरून माप येतंय म्हणजे बांधाची भांडणं मिटली. पण रोव्हर एवढंच सांगतो की काठीचं टोक या घडीला पृथ्वीवर कुठं टेकलंय. तुमची हद्द कुठं आहे ते त्याला ठाऊक नसतं. ते जुन्या कागदात असतं, आणि तो कागद साखळीनं तयार झालेला आहे. म्हणून आज त्या साखळीचा इतिहास.

साखळीच्या आधी काठी होती. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी धरली होती. वीस काठी लांब, वीस काठी रुंद म्हणजे बिघा, आणि 120 बिघ्यांचा एक चावर. काठी ठरलेली होती, पण शेताचा नकाशा ठेवायची पद्धत नव्हती. शेत कोणाचं आणि कुठवर, हे वतनदार आणि शेजारी सांगतील तेच खरं.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात पहिली मोठी मोजणी केली ती प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याच्या हातानं, 1828 च्या सुमारास. माणूस पुस्तकी हुशार. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं पीक किती, खर्च किती, मग निव्वळ उरलं किती, आणि त्याचे 55 टक्के सरकारचे, असा त्याचा हिशोब. आजही आपल्याला एकरी खर्च नीट सांगता येत नाही, तिथं गावोगावच्या कारकुनांनी तो कसा काढला असेल याचा विचार करा. आकडे फुगले, लाचा चालल्या, सारा डोईजड झाला. लोकांनी जमिनी सोडल्या, काही जण गावंच सोडून गेले. शेवटी सरकारला ती मोजणी मोडीत काढावी लागली.

मग 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं सुरुवात केली. आपला सातबारा, आकारबंद, आणेवारीची भाषा, सगळ्याचं मूळ त्या इंदापूरच्या कामात आहे. त्यांनी नफ्या-तोट्याचा नाद सोडला. एका बैलजोडीला झेपेल एवढ्या जमिनीचा एक नंबर पाडला, नंबरच्या कोपऱ्यांवर दगड रोवले आणि सारा 30 वर्षांसाठी बांधून दिला. हलकी जमीन नांगरायला सोपी म्हणून तिथं नंबर मोठा, काळ्या भारीत लहान. हे ज्याला सुचलं त्यानं नांगरट जवळून बघितली असणार.

त्यांची प्रतबंदी तर आजच्या कृषी पदवीधरांनीही बघावी अशी आहे. 1847 च्या अहवालात तिचे नियम पक्के झाले. शेताचे सारखे भाग पाडायचे, प्रत्येक भागात पहारीनं माती किती खोल आहे ते बघायचं. पावणेदोन हात खोल, एकसारखी बारीक काळी माती म्हणजे सोळा आणे, पहिली प्रत. खोली कमी होईल तशी प्रत उतरत जायची: चौदा आणे, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन, आणि नववी प्रत दोन आण्यांची. वर दोष वेगळे मोजायचे. चुनखड आहे का, वाळसर आहे का, उतार आहे का, पाणी साचतं का, ओढ्याचं पाणी वरून जातं का. प्रत्येक दोषाला एक खूण, आणि एका खुणेला एक प्रत खाली. आपण मातीचा नमुना प्रयोगशाळेत देतो तेव्हा सामू आणि सेंद्रिय कर्ब कळतो, पण खोली कोणी विचारत नाही. प्रतबंदीचा जुना कागद मिळाला तर पोटखराबा आणि खोली बघून ठेवा, विहीर किंवा फळबागेची जागा ठरवताना कामी येते.

आता साखळी. ही 33 फुटांची, तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे 1,089 चौरस फूट, तोच आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा हे माप आपल्याकडं मुरलं ते या लोखंडी कड्यांमुळं. शेतात मधून एक सरळ रेषा धरायची, काटकोनासाठी शंकू लावायचा, रेषेपासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत लंब मोजायचा, आणि हे आकडे एका हातानं काढलेल्या आकृतीवर लिहायचे. त्या कागदाला टिपण म्हणतात. आकृती वेडीवाकडी असली तरी चालते, कारण खरं माप आकड्यांत असतं.

साखळी वापरून वापरून ताणते. 33 फुटांत एक इंच वाढ झाली तर एकराला साधारण 220 चौरस फुटांचा फरक पडतो. त्या काळी एकराचा सारा रुपया-आण्यांत होता, एवढ्याचं कोणाला काय. आज महाळुंगे-निघोज्याच्या पट्ट्यात याच 220 फुटांवर भावकी कोर्टात जाते.

याच सुमारास देशात दुसरीही एक मोजणी चालू होती आणि दोघींची गाठ पडली नाही, हे माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ आहे. लॅम्बटन साहेबानं 1802 साली मद्रासजवळ त्रिकोण मांडून देश मोजायला घेतला. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरावर चढवायचा आणि लांबच्या खुणांचे कोन घ्यायचे. ते काम करता करताच 1823 साली आपल्या हिंगणघाटला तो वारला. त्या मोजणीतून पृथ्वीचा आकार कळला, देशाचे नकाशे झाले. पण महसुलाच्या साखळीवाल्यांनी शेतं मोजली ती त्या त्रिकोणांना न जोडता. त्यामुळं आपल्या टिपणात एका कोपऱ्यापासून दुसरा कोपरा किती साखळ्या-आणे एवढं सापडतं, अक्षांश-रेखांश नाहीत.

पुढं वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले. 1947 चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यात जोडाजोड करताना बऱ्याच गावांत जागेवरची वहिवाट एक आणि नकाशा दुसरा असं झालं. नकाशाच्या रेघेचंही ऐका. गावनकाशा 8 इंचाला 1 मैल या मापाचा असेल, तर त्यावरचा 1 इंच म्हणजे 660 फूट. अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर 13 फूट होते. एवढ्या रेघेवर बांध ठरवायचा तर कोणत्याही यंत्राची अचूकता वाया जाते. म्हणून मी नकाशापेक्षा टिपणाला जास्त किंमत देतो.

मेट्रिक मापानं आणखी एक गंमत केली. गुंठा आणि आर एकच, असं धरून व्यवहार होतात. गुंठा 101.17 चौरस मीटरचा, आर 100 चा. 40 गुंठ्यांच्या जागी 40 आर लिहिले की सुमारे 504 चौरस फूट कमी होतात, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा. भूसंपादनात मोबदला चौरस मीटरवर मिळतो, तिथं हे बघाच.

आता रोव्हर. सर्व्हे ऑफ इंडियानं ठिकठिकाणी कायमची केंद्रं उभी केली आहेत, त्यांना कॉर्स म्हणतात. केंद्राला स्वतःची जागा पक्की माहीत असते. उपग्रहाचा संदेश किती चुकतोय ते काढून ते मोबाईलच्या सिमवरून रोव्हरला कळवतं, आणि माप काही सेंटिमीटरपर्यंत बरोबर येतं. लॅम्बटनची मोजणी आणि विंगेटची साखळी आता कुठं एकमेकींना भेटतायत. गावठाणाचं ड्रोनचं काम आधी आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या सोनोरीत करून बघितलं, मग 2020 साली स्वामित्व योजना आली. पण ते गावठाणापुरतं, शिवारासाठी जुनाच कागद.

तो कागद जमिनीवर बसवायला मोजणीदाराला न हललेल्या जुन्या खुणा लागतात: मूळ दगड, जुनी विहीर, तीन गावांच्या शिवा भेटतात तिथला धोंडा. चाकण एमआयडीसीच्या आसपास सपाटीकरणात, रस्त्याच्या भरावात हे दगड जेसीबीच्या एका बकेटात गेले. मग लांबच्या खुणेवरून माप आणावं लागतं आणि दोन मोजण्यांत दोन हद्दी निघतात.

मोजणीचा अर्ज करायच्या आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण, फाळणी, आकारबंद आणि गटवारीच्या आधीच्या सर्व्हे नंबरचा उतारा, यांच्या नकला काढा. सातबाऱ्याचं क्षेत्र आकारबंदाशी ताडून बघा. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना हजर ठेवा, माप कोणत्या खुणेवरून धरलं ते विचारा आणि ती खूण 'क' प्रतीवर दाखवली आहे का ते बघूनच सही करा. शेतात जुना दगड शिल्लक असेल तर त्याच्याभोवती चुना मारून ठेवा आणि नांगरट करताना ट्रॅक्टरवाल्याला आधीच दाखवा.