बाहुलीचा वाडा

भुलाबाईचे दिवस आले की आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे पोरीबाळी मातीची भुलाबाई आणि भुलोजीराव मांडतात. त्यांच्यासाठी मखर येते, ताटल्या येतात, खिरापत येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लहान मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. ही तान्ह्या पोळ्याची चाल नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केली, असे सांगतात. आणि भातुकली तर घरोघरची! मोठ्यांचे जग लहान करून मांडण्याची हौस आपल्याकडे काही नवी नाही. आज याच हौसेतून एक जुना वाडा उभा करायचा आहे. बाहुलीला राहता येईल एवढाच, पण शंभर वर्षांपूर्वीचा नव्हे, दोनशे वर्षांपूर्वीचा.

वाडाच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण नागपुरातच आहे. पहिले रघूजी भोसले अठराव्या शतकाच्या मध्याला नागपूरला आले आणि ही त्यांची राजधानी झाली. महाल भागात भोसल्यांचा राजवाडा होता. काळ्या दगडाचा, आणि लाकडावर भरगच्च नक्षीकाम केलेला. 1853 साली तिसरे रघूजी वारले, 1854 साली इंग्रजांनी राज्य खालसा केले, आणि पुढे दहा वर्षांनी, 1864 साली, तो राजवाडा आगीत जळाला. त्याचा मोठा दरवाजा तेवढा उरला, असे इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत नमूद आहे. आत माजघर कुठे होते, कोणत्या खांबावर कोणती वेल कोरली होती, हे आता डोळ्यांनी पाहता येत नाही.

आता याच्या उलट एक गोष्ट ऐका. युरोपात बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने 1557-58 साली एक चार मजली बाहुलीघर करवून घेतले. त्यात तबेला होता, गोठा होता, स्वयंपाकघर होते, प्रार्थनेची जागा होती. तेही 1674 साली म्युनिकच्या राजवाड्याला लागलेल्या आगीत जळाले. पण 1598 साली एका माणसाने त्यातल्या वस्तूंची यादी करून ठेवली होती. त्या यादीमुळे ते घर कसे होते हे आज सांगता येते. घर गेले, पण यादी राहिली. गुरुजनहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटी पुन्हा तिच्याकडेच यायचे आहे.

तर आता वाडा बांधू. आधी माप ठरवायचे. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी 1921 ते 1924 या काळात एक बाहुलीघर बांधले, तेव्हा एका फुटाला एक इंच, म्हणजे बारावा हिस्सा, असे माप धरले होते. ते घर एडविन लट्येन्स यांनी आखले. आपल्या दिल्लीचे राष्ट्रपती भवन आखणारे तेच हे. आपल्या जुन्या सुताराला मात्र फूटपट्टी नको. एका हाताची अंगुळे चोवीस. मग हाताला दोन अंगुळे धरली की झाला बारावा हिस्सा! आपला देह साडेतीन हातांचा, तर वाड्यातला माणूस सात अंगुळांचा. मुलांना प्रमाण शिकवायला याहून सोपे गणित कुठले?

आधी मातीचे जोते घाला. जोत्यावर दगडाचे चपटे खडे ठेवा, ते तळखडे. खांबाचे लाकूड ओल्या मातीत टेकले तर कुजते, त्याला वाळवी लागते, म्हणून तळखडा. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट. बाभळीच्या काड्या, तुराट्या, पऱ्हाट्या, सारे चालेल. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठे, तर इतक्या खणांचे, असे आपले वडीलधारे सांगत. लाकूड जेवढे लांब मिळे तेवढाच खण पडे. त्यामुळे खोलीचे माप रानातल्या झाडाने ठरवलेले असे. वर पांढऱ्या मातीचे धाबे घाला, नाहीतर उतरते छप्पर करून कवेलू घाला. अंगठ्याच्या नखाएवढी कवेलू मुले हौसेने करतील.

हा सांगाडा उभा राहिला की मुलांना एक दिसेल: घराचा भार लाकडाने उचलला आहे, बऱ्याच भिंती नुसता आडोसा आहेत. मग एवढे मोठे वाडे आगीपुढे का टिकत नसत, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आता आतली मांडणी. दरवाज्याला लागून देवडी, तिथे पहारेकरी. मग चौक, त्यातून उजेड, वारा आणि पाऊसही घरात येई. चौकाच्या कडेने ओसरी, तिथे जाजम, लोड, तक्के आणि कारकुनाचे उतरते मेज. ओसरीवर एक बंगई टांगा. आत माजघर, देवघर, कोठी. भिंतीत कोनाडे ठेवा. स्वयंपाकघरात चूल आणि तिला वैल, शेजारी उतरंड, वर शिंके, खाली पाटा-वरवंटा, कोपऱ्यात जाते. पाण्यासाठी गुंड आणि रांजण. नागपूरच्या चितार ओळीत अजून मातीच्या मूर्ती घडतात. त्या हातांसारखा हात नसला तरी चिकणमातीचा बोटभर रांजण कोणालाही जमतो.

आणि काय ठेवू नये? खरा इतिहास इथेच आहे, बरं का! वाडा 1800 सालचा म्हणता ना, तर रॉकेलचा कंदील काढा. समई ठेवा, दिवा जवसाच्या नाहीतर एरंडीच्या तेलाचा. मंगळुरी कौल नको. तो कारखानाच 1865 साली निघाला. नागपूरला आगगाडी 1867 साली आली, म्हणून त्याआधीची प्रत्येक वस्तू बैलाच्या पाठीवरून किंवा गाडीतून आली असली पाहिजे. मुलांना विचारा, मीठ कुठून आले? पितळ कुठून आले? एका चिमुकल्या भांड्यामागे केवढा रस्ता उभा राहतो!

आणखी एक विचारा. या वाड्यात जाते कोण ओढी? पाणी कोण भरी? कोणाला ओसरीपर्यंत येऊ देत, आणि कोणाला दाराबाहेरच थांबवत? वाडा मांडायचा तर त्याचा थाट मांडावा, तसा हा भेदही लपवू नये. दरवाज्याबाहेर उभा असलेला माणूस विसरला, तर तो वाडा खोटा झाला.

श्रोतेहो, आपल्या गावात एखादा जुना वाडा, एखादी पडकी गढी, निदान एखादे धाब्याचे घर असेल. गढीची पांढरी माती लोक खणून नेतात, वाड्याची तुळई विकली जाते, आणि जागेवर सिमेंटची इमारत येते. राहणाऱ्यांच्या सोयीचे तेच असते. त्यांना दोष देता येत नाही. पण घर पडण्याआधी एक दिवस मुलांना घेऊन तिथे जा. हाताने खण मोजा. घरातल्या आजीला पुढे बसवा आणि प्रत्येक जागेचे, प्रत्येक भांड्याचे नाव विचारा. वैल म्हणजे काय हे नातीला ठाऊक नसते. आजी ते एका वाक्यात सांगते. ती नावे वहीत उतरवून घ्या, मापे शेजारी लिहा, आणि मग शाळेच्या कोपऱ्यात तो वाडा बांधायला घ्या.

मातीचा वाडा एखाद्या पावसाळ्यात विरघळेलही. वही मात्र शाळेच्या कपाटात जपून ठेवा. भोसल्यांच्या राजवाड्याची अशी एक वही आपल्या हाती असती, तर आज आपण दरवाज्याच्या आत गेलो असतो.