धूसर चित्रफितींतला गिटारवादक

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें मोडी कागद आणि जीर्ण दफ्तरें उभीं राहतात. १८९८ सालीं राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढल्यापासून जुन्या वाड्यांच्या माळ्यांविषयीं मराठी मनुष्य बराच सावध झाला. चाळीस वर्षांमागच्या ध्वनिफितींविषयीं मात्र तो अद्याप निष्काळजी आहे. आम्हीही होतों.

चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस असलेला आमचा पुतण्या रात्रपाळीहून चिंचवडास परतला कीं झोपण्यापूर्वीं मोबाइलवर संगीताच्या जुन्या मैफली पाहत बसतो. एके सकाळीं त्यानें तो आमच्यापुढें धरला. "काका, हे कोण, ओळखा पाहूं." चित्र धूसर, आवाज फाटका, गायक उजेडांत, आणि एका कडेला अर्धवट अंधारांत गिटार घेतलेला एक तरुण. महेश तिनईकर हें नांव त्यानें सांगतांच आम्ही चपापलों. तें आमच्या घरांत पूर्वीं एकदां येऊन गेलें होतें.

तिनईकर हे १९८४ सालीं मुंबईंत निघालेल्या 'रॉक मशीन' या संचाच्या संस्थापकांपैकीं एक. त्या काळीं आपल्याकडील असे संच बहुधा विलायती गीतांच्या नकला करण्यांतच धन्यता मानीत. या मंडळींनीं स्वतः रचलेलीं गीतें गाण्याचा हट्ट धरला. १९८८ सालीं 'रॉक अँड रोल रेनेगेड' व १९९० सालीं 'द सेकंड कमिंग' हे त्यांचे संग्रह निघाले. १९९३ सालीं संचानें 'इंडस क्रीड' हें नांव घेतलें आणि त्याच सालीं 'प्रिटी चाइल्ड' या गीताच्या चित्रफितीस एम्‌टीव्हीचें आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचें पारितोषिक मिळालें. १९९७ सालीं संच मोडला. २०१० सालीं पुन्हां जुळला, व २०१२ सालीं 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह आला.

या सर्व हकीकतींत लोकांस आठवतात ते गायक उदय बेनेगल. तें साहजिक आहे. शब्द ज्याच्या मुखांतून येतात त्याचा चेहरा लक्षांत राहतो. पण त्या धूसर चित्रांत दिसतें तें निराळेंच. गायकाची ओळ संपेपर्यंत गिटार दबून राहते. मग तार ओढून घेतलेला एखादाच स्वर असा वर चढतो कीं आमच्यासारख्या मींडेवर वाढलेल्या कानांसही तो परका वाटूं नये. घाई नाहीं, बोटांची कसरत नाहीं. छापील संग्रहांत हा संयम आम्हांस कधीं ऐकूं आला नसता, कारण आम्ही ते ऐकलेच नव्हते! 'गोंगाट' एवढ्या एका शब्दांत आम्ही तो विषय निकालांत काढला होता.

अशा चित्रफिती बखरींसारख्याच असतात: तिथीचा पत्ता नाहीं, नकलेवरून नक्कल झालेली. तरी त्यांवांचून गत्यंतर नाहीं, कारण स्थळेंही गेलीं. मुंबईंत धोबी तलावाजवळचें रंगभवन हें खुलें नाट्यगृह. जाझ यात्रा तेथें भरे, १९८६ सालीं सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक'ही तेथें गाजला. २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालयें व शाळा यांभोंवतींचा शंभर मीटरांचा टापू शांततेचा ठरला, आणि पुढें रंगभवन मुकें झालें. नियम योग्यच, पण त्या रात्रींचा पुरावा आतां लोकांच्या कपाटांतल्या फितींवरच उरला आहे, आणि आपल्या दमट हवेंत फितीस बुरशी लवकर धरते.

आमच्या धाकट्या बंधूपाशीं म्हणजे पुतण्याच्या वडिलांपाशीं एक गिटार होती. आम्हीं बोलून बोलून ती त्याला विकावयास लावली. भोसरीच्या कारखान्यांत नोकरी लागली होती, तेव्हां हें शहाणपणाचें वाटलें. त्या दिवशीं सायंकाळीं पुतण्यानें त्यालाही तें चित्र दाखविलें. तो बराच वेळ पाहत राहिला, मग माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खालीं काढला. आंत चार ध्वनिफिती होत्या, दोहोंना बुरशी. हा संच ऐकण्यासाठीं आपण एकदां मुंबईस गेलों होतों असें तो तेव्हां सहज बोलून गेला. त्या रात्रीं तो पाळीस गेला आहे असें आम्ही आजवर समजत होतों.