टेल्युरियम आधी, आयोडीन नंतर

प्रयोगशाळेच्या भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता टांगलेला असतो. त्यातील ५२ आणि ५३ क्रमांकांच्या चौकटी एकदा नीट पाहाव्यात. ५२ क्रमांकाचे मूलद्रव्य टेल्युरियम, अणुभार १२७.६०. त्याच्या शेजारी ५३ क्रमांकाचे आयोडीन, अणुभार १२६.९०. डावीकडून उजवीकडे जाताना अणुभार वाढायला हवा, तो येथे कमी झाला आहे. मेंडेलीव्ह यांनी मूलद्रव्यांची मांडणी चढत्या अणुभारानुसार केली, हे वाक्य तर आपण दरवर्षी वर्गात शिकवतो. मग ज्यांनी नियम सांगितला त्यांनीच तो येथे मोडला कसा? एखाद्या चौकस विद्यार्थ्याने हे विचारले, की "तो अपवाद आहे" असे सांगून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. वास्तविक सारणी कशाच्या आधारावर उभी आहे, हाच प्रश्न त्या विद्यार्थ्याने विचारलेला असतो. त्याचे उत्तर मिळायला १८६९ पासून चव्वेचाळीस वर्षे लागली.

त्या काळी ६३ मूलद्रव्ये माहीत होती. त्यांच्यात कुटुंबे आहेत हे रसायनशास्त्रज्ञांच्या आधीच लक्षात आले होते. जर्मनीत ड्योबरायनर यांनी लिथियम, सोडियम, पोटॅशियम किंवा क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन अशी त्रिके दाखवून दिली होती. पण अणुभारांचेच एकमत नव्हते. एकाच मूलद्रव्याला कोणी एक आकडा देई, कोणी त्याच्या दुप्पट. १८६० साली जर्मनीतील कार्ल्सरूह येथे भरलेल्या परिषदेत इटलीच्या कानिझारो यांनी हा गोंधळ कसा सोडवायचा ते मांडले. श्रोत्यांत रशियाहून आलेले दिमित्री मेंडेलीव्ह होते, आणि जर्मनीचे लोथर मायरही. त्यानंतर दहा वर्षांच्या आत वेगवेगळ्या देशांत मूलद्रव्यांचे अनेक तक्ते तयार झाले, यात म्हणूनच नवल नाही. इंग्लंडमध्ये न्यूलँड्स यांनी दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे असते असे सांगितले, तेव्हा केमिकल सोसायटीच्या सभेत त्यांना विचारण्यात आले, की मूलद्रव्ये इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने लावून पाहिली का!

मेंडेलीव्ह या प्रश्नाकडे आले ते शिक्षक म्हणून. सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात अकार्बनी रसायनशास्त्र शिकवताना त्यांना मनाजोगते पाठ्यपुस्तक सापडेना, तेव्हा ते स्वतःच लिहायला बसले. 'रसायनशास्त्राची मूलतत्त्वे' या पुस्तकाचा पहिला भाग हॅलोजनांपाशी संपला, दुसरा अल्कधातूंपासून सुरू व्हायचा होता. पहिल्या भागात मोजक्याच मूलद्रव्यांचे वर्णन झाले होते, पन्नासाहून अधिक शिल्लक होती. ती कोणत्या क्रमाने सांगायची? धडे कसे लावावेत, हा आपल्यापैकी प्रत्येकाला पडणारा प्रश्न त्यांनाही पडला. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १७ फेब्रुवारी १८६९ या दिवशी त्यांना चीज तयार करणाऱ्या दुग्धशाळांच्या पाहणीला जायचे होते. त्याविषयी आलेल्या पत्राच्या पाठीमागेच त्यांनी अणुभारांची आकडेमोड केली. सारणी त्यांना स्वप्नात दिसली ही गोष्ट मुलांना आवडते. पण त्या दिवसाच्या मसुद्यातली खाडाखोड पाहिली, की स्वप्नापेक्षा घामच अधिक दिसतो.

ते आकडे आपणही फळ्यावर मांडून पाहू. मेंडेलीव्ह यांनी वापरलेले अणुभार असे होते: क्लोरीन ३५.५ आणि त्यापुढे पोटॅशियम ३९. ब्रोमीन ८० आणि त्यापुढे रुबिडियम ८५.४, आयोडीन १२७ आणि त्यापुढे सीझियम १३३. एकमेकांशी कसलेही साम्य नसलेली दोन कुटुंबे, एक अधातूंचे आणि दुसरे पाण्यात टाकताच पेट घेणाऱ्या धातूंचे, पण अणुभाराने नेमकी शेजारी. आता हॅलोजनांच्या आधीचे कुटुंब लावू या. गंधक ३२, मग क्लोरीन ३५.५. सेलेनियम ७९.४, मग ब्रोमीन ८०. येथे फरक बराच आक्रसला आहे. आणि पुढची जोडी? टेल्युरियम १२८, आयोडीन १२७.

आकड्यांचेच ऐकायचे तर आयोडीनला गंधकाच्या घरात आणि टेल्युरियमला क्लोरीनच्या घरात पाठवावे लागेल. विद्यार्थ्यांना विचारावे, चालेल का? क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन यांचा एक अणू सोडियमच्या एका अणूशी संयोग पावून मीठ देतो. टेल्युरियमला हायड्रोजनचे दोन अणू लागतात, गंधकाला लागतात तसेच. त्याची ऑक्साइडेही गंधक-सेलेनियमच्या ऑक्साइडांच्याच नमुन्याची. रसायनशास्त्राची साक्ष इतकी स्पष्ट होती, की लोथर मायर यांनीही १८६४ च्या तक्त्यात टेल्युरियमला आयोडीनच्या आधीच बसवले होते. मेंडेलीव्ह यांनी तेच केले. पण एवढ्यावर न थांबता त्यांनी पुढचे पाऊल टाकले. टेल्युरियमच्या अणुभारापुढे प्रश्नचिन्ह घालून त्यांनी लिहिले, की तो १२८ असूच शकत नाही, तो १२३ ते १२६ यांच्या दरम्यान असला पाहिजे. १८७१ च्या सारणीत तर त्यांनी सरळ १२५ छापले, प्रश्नचिन्हासह.

मोजून आलेला आकडा सिद्धांतासाठी बदलायचा, हे कोणत्या विज्ञानात बसते? आज एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत असे केले तर आपण त्याला लाल शेरा देऊ. परंतु मेंडेलीव्ह यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्या वेळी अणुभार हा थेट मोजला जात नसे. संयोगभार मोजून त्याला संयुजेने गुणत, आणि संयुजा हा बऱ्याचदा अंदाज असे. बेरिलियमची संयुजा ३ धरून अनेक जण त्याचा अणुभार १४ मानत. तिथे सारणीत जागाच नव्हती. संयुजा २ धरली तर अणुभार सुमारे ९.४ येतो आणि बेरिलियम मॅग्नेशियमच्या वर अलगद बसते. मेंडेलीव्ह यांनी ९.४ धरला, आणि पुढे बेरिलियम क्लोराइडच्या बाष्पाच्या घनतेवरून तेच बरोबर ठरले. युरेनियमचा १२० त्यांनी दुप्पट करून २४० केला, इंडियमचा सुमारे ७५ चा ११३ केला. दोन्ही बदल टिकले.

रिकाम्या जागांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून ती थोडक्यात. ॲल्युमिनियम, बोरॉन आणि सिलिकॉन यांच्या खालच्या रिकाम्या चौकटींतील अज्ञात मूलद्रव्यांना मेंडेलीव्ह यांनी एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन अशी नावे दिली. हा 'एक' आपल्या संस्कृतातलाच, पुढील पहिली जागा या अर्थाने घेतलेला. मुलांना हे जरूर सांगावे. फक्त त्यावरून आवर्तसारणी मूळची आपलीच असे निष्कर्ष काढू नयेत. १८७५ साली फ्रान्समध्ये लकोक द ब्वाबोद्रान यांना गॅलियम सापडले. त्यांनी घनता ४.७ मोजली. सेंट पीटर्सबर्गहून मेंडेलीव्ह यांनी कळवले, ती ५.९ ते ६ च्या दरम्यान यायला हवी. गॅलियम अधिक शुद्ध करून पुन्हा मोजले, तेव्हा ५.९ आली. पुढे १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले. ज्याने अशा तीन-तीन वेळा प्रयोगशाळेला दुरुस्ती सुचवली आणि ती बरोबर ठरली, त्याने टेल्युरियमबाबतही तसेच होईल असे मानावे, हे स्वाभाविकच होते.

ते मात्र झाले नाही. प्राग येथील बोहुस्लाव्ह ब्राउनर हे मेंडेलीव्ह यांचे मित्र आणि आवर्ती नियमाचे खंदे पुरस्कर्ते. त्यांनी टेल्युरियमचा अणुभार मोजायला घेतला, तो मेंडेलीव्ह यांचे म्हणणे सिद्ध करण्याच्या इच्छेनेच. आधी १२५ आल्याचे त्यांना वाटले. पण प्रयोग अधिक काटेकोर होत गेले तसा आकडा पुन्हा १२७ च्या वर जाऊन बसला. मग ब्राउनर यांना शंका आली, की टेल्युरियम हे शुद्ध मूलद्रव्य नसून त्यात एखादे जड मूलद्रव्य मिसळलेले असावे. तसे काही वेगळे निघाले नाही. स्वतःला हवे असलेले उत्तर तराजू देत नसताना ब्राउनर यांनी तराजूचेच आकडे प्रसिद्ध केले. त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात येत नाही. यायला हवे, असे आम्हांला वाटते.

त्यातच १८९४ साली रॅली आणि रॅम्से यांनी हवेतून अरगॉन वेगळा काढला. त्याचा अणुभार ३९.९, म्हणजे पोटॅशियमच्या ३९.१ पेक्षा जास्त. कशाशीही संयोग न पावणाऱ्या या वायूला पोटॅशियमच्या पुढे ठेवणे अशक्य होते. तो तीन अणूंचा नायट्रोजन असावा, असे मेंडेलीव्ह काही वर्षे म्हणत राहिले. कोबाल्ट ५८.९ आणि निकेल ५८.७ ही आणखी एक उलटी जोडी. १९०७ साली मेंडेलीव्ह वारले तेव्हा त्यांनी लावलेल्या जागा बरोबर होत्या, आणि त्या तशा का आहेत याचे त्यांनी दिलेले कारण चुकीचे होते.

खुलासा भौतिकीकडून आला. अणूच्या मध्यभागी धनप्रभारित केंद्रक आहे असे रदरफर्ड यांनी १९११ साली सांगितले. त्या प्रभाराचा आकडा म्हणजेच सारणीतील मूलद्रव्याचा अनुक्रमांक असावा, ही कल्पना हॉलंडच्या व्हान डेन ब्रुक यांची. तोपर्यंत हा अनुक्रमांक म्हणजे नुसता हजेरीपटावरचा क्रमांक होता. त्याला मोजता येणारी राशी बनवले ते रदरफर्ड यांच्या मँचेस्टरच्या प्रयोगशाळेतील हेन्री मोस्ली या पंचविशीतल्या तरुणाने. निर्वात नळीत एखाद्या मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला, की त्यातून त्या मूलद्रव्याचे स्वतःचे क्ष-किरण निघतात. मोस्लींनी नळीच्या आत एका चिमुकल्या गाडीवर वेगवेगळ्या धातूंचे तुकडे ठेवले, बाहेरून दोऱ्याने गाडी ओढून एकेक तुकडा माऱ्याखाली आणला, आणि स्फटिकाच्या साहाय्याने त्या क्ष-किरणांच्या वर्णरेषांची छायाचित्रे घेतली. कॅल्शियमपासून जस्तापर्यंतच्या धातूंची छायाचित्रे एकाखाली एक लावली, तर रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या सरकत गेलेल्या दिसल्या. वारंवारतेचे वर्गमूळ काढले तर दर पायरीची उंची सारखीच! कोबाल्टची पायरी २७, निकेलची २८. अणुभार काहीही म्हणोत, कोबाल्ट आधी आणि निकेल नंतर. हा निबंध डिसेंबर १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९१४ मधील दुसऱ्या निबंधात हा जिना सोन्यापर्यंत, म्हणजे ७९ पर्यंत पोचला. या मोजणीत टेल्युरियमची पायरी ५२ आणि आयोडीनची ५३ ठरते.

आता कोणती पायरी रिकामी आहे हेही सांगता येऊ लागले. बेरियम आणि टँटलम यांच्या दरम्यान नेमकी किती मूलद्रव्ये आहेत, याबद्दल तोवर कोणालाच खात्री नव्हती. पॅरिसचे उर्बेन हे विरळ मृदांचे मोठे जाणकार. वर्षानुवर्षे क्षारांचे पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण करून त्यांनी 'सेल्टियम' नावाचे ७२ वे मूलद्रव्य मिळाल्याचे जाहीर केले होते. १९१४ साली ते आपला नमुना घेऊन ऑक्सफर्डला मोस्लींकडे आले. काही दिवसांतच छायाचित्रांनी निकाल दिला: त्यात नवे काही नाही. खरे ७२ वे मूलद्रव्य हाफ्नियम १९२३ साली कोपनहेगनमध्ये सापडले, तेही क्ष-किरणांच्या रेषांवरूनच.

ते पाहायला मोस्ली नव्हते. ऑगस्ट १९१४ मध्ये एका वैज्ञानिक परिषदेसाठी ते ऑस्ट्रेलियात असताना महायुद्ध पेटले. परत येऊन ते सैन्यात दाखल झाले, आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोली येथे गोळी लागून मारले गेले. वय २७. त्यांचे संशोधन जेमतेम चार वर्षांचे होते.

अणुभार उलटे का, हे मात्र अजून सांगायचे राहिले. मोस्लींचा पहिला निबंध आला त्याच महिन्यात सॉडी यांनी एक नवा शब्द वापरला. आपण त्याला समस्थानिक म्हणतो. समान स्थान, म्हणजे सारणीतील एकच चौकट. एका चौकटीत वेगवेगळ्या वजनाचे अणू असू शकतात, आणि तराजू आपल्याला त्यांची फक्त सरासरी देतो. निसर्गातील टेल्युरियमचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग १२८ आणि १३० वस्तुमानांकांच्या अणूंचा आहे. आयोडीनचा स्थिर अणू एकच, १२७ चा. कोबाल्ट सगळे ५९ चे, तर निकेलमध्ये ५८ चा भरणा. ब्राउनर यांचा तराजू चुकत नव्हता, आणि मेंडेलीव्ह यांची जागाही. अरगॉनची कथा तर आणखी गमतीची आहे. पृथ्वीच्या हवेतील अरगॉन ९९ टक्क्यांहून अधिक ४० चा आहे, आणि तो खडकांतील किरणोत्सारी पोटॅशियम-४० च्या ऱ्हासातून अब्जावधी वर्षांत साठलेला आहे. म्हणजे पोटॅशियमनेच आपल्या शेजाऱ्याला जड केले. सूर्यावरचा अरगॉन मुख्यतः ३६ चा आहे. तेथे अणुभार मोजले असते, तर अरगॉन आणि पोटॅशियम निमूटपणे आपापल्या क्रमाने उभे राहिले असते.

तक्त्यावर ९० आणि ९१ क्रमांकांची, थोरियम आणि प्रोटॅक्टिनियमची, आणखी एक उलटी जोडी आहे. ती विद्यार्थ्यांना शोधू द्यावी.